पॉइंट काढून मॉड्यूल बसवताय? आधी कॉइलला मीटर लावा

खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर माझी ॲम्बॅसिडर दोन आचके देऊन गप्प झाली. मे महिना, दुपारचा दीड, आणि मागच्या सीटवर वाईला लग्नाला निघालेली आत्या. बॉनेट उघडलं. पेट्रोल येत होतं, सेल्फ फिरत होता, प्लगला करंट मात्र नव्हता. अर्ध्या तासाने गाडी आपसूक चालू झाली, दोनशे मीटर गेली आणि पुन्हा बंद. शेवटी क्रेनला लटकून घाट पार केला आणि सुरूर फाट्यावर उतरलो. आत्या एका भल्या माणसाच्या जीपमधून अक्षतांना पोचली, आम्ही पंगत उठल्यावर.

गाडीत तीन आठवड्यांपूर्वी मी हौसेने इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवलं होतं, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडतोडीचं पॉइंटचं काम करणारं यंत्र. जुने पॉइंट आणि कंडेन्सर "आता कशाला लागतात" म्हणून भंगारात दिले होते. दुसऱ्या दिवशी वाईतल्या मिस्त्रींनी कॉइलच्या (बॅटरीच्या करंटमधून ठिणगी तयार करणाऱ्या डब्याच्या) वायरी सोडून मीटर लावला तर रीडिंग दीड ओहम. मॉड्यूलच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कॉइल किमान तीन ओहमची हवी. म्हणजे मॉड्यूल बिचारं निर्दोष. मारलं मीच.

त्यानंतर चार वर्षांत माझ्या आणि मित्रांच्या मिळून पाच गाड्यांचं हे काम केलं: दोन ॲम्बॅसिडर, दोन पद्मिनी, एक जीप. लोक विचारतात, "कोणतं मॉड्यूल घेऊ?" माझं उत्तर नेहमी दुसऱ्या प्रश्नानेच सुरू होतं: तुमच्या गाडीत काय आहे ते मोजलंत का?

१. मॉड्यूल खरंच हवंय का, ते ठरवा

ठिणगी पाळीपाळीने एकेका प्लगला वाटणाऱ्या, पोटात पॉइंट असलेल्या डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडचे जुने मिस्त्री 'डेल्को' म्हणतात. ते नाव अमेरिकेतल्या डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलं. चार्ल्स केटरिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९०९ मध्ये ती काढली आणि बॅटरी, कॉइल, पॉइंट ही रचना कॅडिलॅक गाड्यांत आणली. तुमच्या बॉनेटखाली आजही मुळात तीच आहे. पॉइंट मिटले की कॉइलमध्ये करंट भरतो, उघडले की तो तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते.

चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. दोन ठिणग्यांमध्ये १० मिलिसेकंद मिळतात आणि त्यातला साधारण दोन तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेले असतात. एवढी उघडझाप करून पॉइंटवर एका बाजूला खड्डा पडतो, दुसऱ्या बाजूला टेंगूळ येतं. कॅमवर (फिरत्या शाफ्टच्या उंचवट्यांवर) घासणारी फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडतं.

मॉड्यूलने ही झीज थांबते. सकाळी गाडी लवकर चालू होते, आयडलिंग स्थिर राहतं, दर काही हजार किलोमीटरला गॅप मोजायच्या पट्ट्या (फिलर गेज) घेऊन वाकायला लागत नाही. बास, एवढंच. पिकअप दुप्पट होईल, ॲव्हरेज पाच किलोमीटरने वाढेल असं कोणी सांगत असेल तर चहा पिऊन निघा. तुमचे पॉइंट आत्ताच वाईट अवस्थेत असतील तर फरक मोठा जाणवेल, पण तो नवीन पॉइंट टाकूनही जाणवला असता.

वर्षाला पाचशे किलोमीटर, तेही रविवारी सकाळी बालगंधर्व चौकापर्यंत, एवढंच फिरणं असेल तर चांगल्या प्रतीचे पॉइंट आणि जुन्या साठ्यातला चांगला कंडेन्सर पुरे आहे. हल्लीच्या सुट्या मालातले कंडेन्सर लवकर जातात, आणि बरेच जण खरं तर त्यालाच कंटाळून मॉड्यूलकडे वळतात.

२. गाडीची कुंडली मांडा

दुकानात जायच्या आधी एक वही घ्या आणि पुढच्या गोष्टी लिहून काढा. हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून जरा रेंगाळतो.

डिस्ट्रिब्युटरचा नंबर. बॉडीवर ठोकलेला असतो, तेलकट थराखाली. रॉकेलच्या फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी इंजिनावर बहुधा लुकास घराण्याचा डिस्ट्रिब्युटर असतो. पण चाळीस-पन्नास वर्षांत कोणी काय बदललं याचा भरवसा नाही. मॉडेलवरून मॉड्यूल मागवू नका, नंबरावरून मागवा. माझ्या मित्राच्या पद्मिनीत निघालेला डिस्ट्रिब्युटर कुठल्या गाडीचा हे आम्हाला दोन रविवार कळलं नव्हतं.

अर्थिंग कोणतं. बॅटरीच्या कोणत्या टोकाची तार बॉडीला गेलीय ते पाहा. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा. पुढे कोणीतरी डायनामो काढून अल्टरनेटर टाकताना तो उलटा केलेला असू शकतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह अर्थची मॉड्यूलं वेगळी येतात. चुकीचं जोडलं तर साधं मॉड्यूल क्षणात जातं, धूरही दिसत नाही. जुन्या लुकास कॉइलवर अधिक-उणे ऐवजी 'एसडब्ल्यू' आणि 'सीबी' लिहिलेलं असतं. एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडची बाजू, सीबी म्हणजे पॉइंटकडची. अर्थिंग बदललेल्या गाडीत या अक्षरांवर विसंबू नका, वायर कुठून आली ते हाताने माग काढत पाहा.

कॉइलचा रेझिस्टन्स. इंजिन थंड असताना कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी सोडा आणि मीटर ओहमवर ठेवून दोन टर्मिनलांना लावा. इथे एक फसगत होते: स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो. म्हणून आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवा, जो आकडा येईल तो नंतरच्या रीडिंगमधून वजा करा. साधी १२ व्होल्टची कॉइल तीन ओहमच्या आसपास येते. दीडच्या आसपास आली तर ती बॅलास्टची कॉइल. तिच्या वाटेत वेगळा रेझिस्टर किंवा रेझिस्टन्सची वायर (हाच बॅलास्ट) असायला हवी. माझ्या गाडीत कॉइल बॅलास्टची होती आणि बॅलास्ट कोणीतरी कधीच काढून टाकला होता. चालू गाडीत बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा व्होल्ट धरले तर तीन ओहममधून साडेचार अँपिअर जातात, दीडमधून नऊ. खंबाटकीचं गणित एवढंच होतं.

कॉइलपर्यंत पोचणारा व्होल्टेज. मीटर व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या अर्थच्या टोकावर, लाल पिन कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलवर, किल्ली चालू. पण त्या वेळी पॉइंट मिटलेले हवेत. उघडे असतील तर करंट वाहतच नाही आणि मीटर तुम्हाला पूर्ण बॅटरी दाखवून खूश करतो. कॅप काढून, टॉप गिअर टाकून गाडी हळू ढकला आणि पॉइंट मिटवून घ्या. रीडिंग झटपट घ्या, किल्ली चालू ठेवून गप्पा मारत बसू नका. आता बॅटरीवरचा आणि कॉइलवरचा आकडा यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल (बॅलास्ट नसलेल्या गाडीत) तर वायरिंग, फ्यूज बॉक्स किंवा इग्निशन स्विच खातंय. माझ्याकडे बॅटरी १२.५ आणि कॉइल १०.८ होती. पॉइंट हे मुकाट्याने सहन करतात. मॉड्यूल करत नाही, कारण सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहावर येते, त्यातून पावणेदोन गेले की ते झोपतं. "सेल्फ सोडल्याबरोबर गाडी चालू होते" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

डिस्ट्रिब्युटरची तब्येत. कॅप आणि रोटर काढून शाफ्ट बोटांत धरा, आडवा हलवा. स्पष्ट खटखट जाणवली तर आतला बुश गेलाय. लेथवाल्याकडून नवा करून घ्या, नाहीतर मॉड्यूलचा सेन्सर आणि मॅग्नेट एकमेकांना घासतील. मग रोटर बसवून फिरण्याच्या दिशेने थोडा पिळा आणि सोडा. तो स्प्रिंगने मागे यायला हवा. नाही आला तर वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी आतली वजनं गंजली आहेत. शेवटी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढा (आधी पुसा, चव महिनाभर जात नाही). आतली प्लेट सरकली आणि जीभ लावून धरली तर तशीच राहिली, तर पडदा शाबूत.

हे सगळं करताना दोन गाड्यांच्या बाबतीत असं झालं की बुश, कॅप आणि वायरिंग दुरुस्त केल्यावर गाडी इतकी छान चालली की मालकांनी मॉड्यूलचा विचारच सोडला.

३. जात निवडा

बाजारात मिळणारी मॉड्यूलं ढोबळमानाने चार जातींची.

पहिली, पॉइंटला मदत करणारी. पॉइंट जागेवरच राहतात, पण कॉइलचा जड करंट बाहेरच्या डबीतला ट्रान्झिस्टर सांभाळतो. पॉइंटमधून नावापुरता करंट जातो, त्यामुळे ते जळत नाहीत. टाच मात्र झिजते. डबी मेली तर दोन वायरी बदलून गाडी पुन्हा साध्या पॉइंटवर. दिसायला गावठी, पण लांबच्या प्रवासाला मला ही जात फार आवडते.

दुसरी, कॅपच्या आत मावणारी. पॉइंटच्या जागी छोटा सेन्सर आणि कॅमवर मॅग्नेटची कडी. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या हॉल परिणामावर ती चालते: मॅग्नेट समोरून गेला की सेन्सर जागा होतो आणि कॉइलचा करंट तुटतो. अमेरिकेतलं पर्ट्रॉनिक्सचं इग्नायटर हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. बाहेरून काहीच दिसत नाही, व्हिंटेज रॅलीतले परीक्षकही नाक मुरडत नाहीत. अडचण अशी की सगळी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनाच्या अंगाला चिकटून उष्णतेत बसते.

तिसरी, प्रकाशावर चालणारी. ब्रिटिश ल्युमेनिशनची ऑप्ट्रॉनिक यातली जुनी. डिस्ट्रिब्युटरमध्ये फक्त डोळा आणि फिरती चकती, बाकीची पॉवरची डबी बाहेर बॉडीवर, वाऱ्याला. उष्णतेच्या दृष्टीने हे शहाणपणाचं. धुळीच्या दृष्टीने कॅप नीट बसणारी हवी.

चौथी, अख्खा नवा डिस्ट्रिब्युटर. नेदरलँड्सचा वनटूथ्री इग्निशन प्रसिद्ध आहे. त्यात वजनं-स्प्रिंग नाहीत, वेगाप्रमाणे ठिणगी किती आधी पाडायची (ॲडव्हान्स) तेही इलेक्ट्रॉनिक. जुना डिस्ट्रिब्युटर पार झिजलेला असेल तरच याचा हिशोब जुळतो, आणि जुना फेकायचा नाही.

पुण्यात रोज गाडी चालवणाऱ्याने दुसरी, महाबळेश्वर-कोकण करणाऱ्याने पहिली किंवा तिसरी, असं माझं मत. मित्रमंडळात यावरून कायम भांडण असतं.

४. विश्वासार्ह कसं ओळखायचं

दुकानदाराला किंवा विक्रेत्याला हे प्रश्न विचारा. उत्तर देताना तो खोक्याकडे पाहतो की आभाळाकडे, त्यावरून निम्मा निकाल लागतो.

• माझ्या डिस्ट्रिब्युटरचा हा नंबर तुमच्या यादीत आहे का? "सगळ्याला बसतं" हे उत्तर आलं की नमस्कार करा.
• कॉइल किमान किती ओहमची लागते? हा आकडा छापील हवा. चार सिलिंडरच्या साध्या मॉड्यूलांना बहुधा तीन ओहम लागतात. पुढच्या पिढीची, करंट स्वतः आवरणारी मॉड्यूलं कमी ओहमच्या कॉइलवरही चालतात.
• किल्ली चालू राहिली आणि इंजिन बंद असेल तर मॉड्यूल स्वतःहून करंट तोडतं का? साधी मॉड्यूलं तोडत नाहीत. पोरं गाडीत बसून रेडिओ ऐकतात आणि तुमचं मॉड्यूल भाजत राहतं.
• वायरी उलट्या लागल्या तर संरक्षण आहे का?
• बॅटरी किती व्होल्टपर्यंत उतरली तरी चालतं? डायनामोच्या गाडीला हा प्रश्न फार लागू. डायनामो आयडलिंगला चार्ज करत नाही. संध्याकाळी सिग्नलला हेडलाइट लावून उभे राहिलात की बॅटरी उतरत जाते.
• मेलं तर बदली मिळणार कुठून, आणि वॉरंटीसाठी काय दाखवायचं?

वस्तू हातात आली की वायर निघते ती जागा बघा. पूर्ण राळेने भरलेली असावी, वायर हलवली तर हलू नये. मॅग्नेटच्या कडीला तडा नको, आणि ती कॅमवर घट्ट बसायला हवी. एकदा मित्राच्या गाडीची कडी सैल होती. आम्ही तिला चिकटपट्टी लावून "तात्पुरतं" बसवलं. सिंहगड रोडवर टायमिंग स्वतःच्या मर्जीने फिरायला लागलं, सायलेन्सरमधून असा बार निघाला की रिक्षावाल्याने हात जोडले.

५. खरेदी

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप, प्लगच्या वायरी यांसाठी पुण्यातली नाना पेठ. मीटर, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), चांगल्या वायरी आणि स्लीव्ह यांसाठी बुधवारातली तपकीर गल्ली. जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, कधीकधी न वापरलेली जुनी कॅप किंवा अख्खा डिस्ट्रिब्युटर दिसतो. तो घेऊन ठेवा, पण मॉड्यूल तिथून घेऊ नका. चालतं की नाही हे फुटपाथवर कळत नाही.

परदेशातून मागवणार असाल तर वस्तूच्या किमतीवर कस्टम ड्युटी, कर आणि कुरियरचा खर्च धरूनच तुलना करा. ही वस्तू कस्टमच्या वर्गवारीत ८५११ या शीर्षकाखाली येते (स्पार्क इंजिनाची इग्निशनची उपकरणं). पाठवणाऱ्याला बिलावर तसं स्पष्ट लिहायला सांगा. नुसतं "इलेक्ट्रॉनिक पार्ट" लिहिलं की पार्सल अडकतं आणि फोन तुम्हाला येतात.

रोटरबद्दल एक सूचना. वरच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट मारलेले स्वस्त काळे रोटर टाळा. करंट त्या रिव्हेटमधून थेट शाफ्टला उतरतो, गाडी बंद, आणि शिव्या मॉड्यूलला.

६. हत्यारं आणि कागद

हत्यारं: डिजिटल मीटर, फिलर गेज, लहान-मोठे स्क्रूड्रायव्हर, पान्यांचा संच, टायमिंग लाइट (दर ठिणगीला चमकणारा दिवा), वायर कापायची आणि टर्मिनल दाबायची पकड, इन्सुलेशन स्लीव्ह, एक चार पिनांचा रिले आणि फ्यूज होल्डर, पांढरं नेलपेंट, आणि एक जादा प्लग. टायमिंग लाइट विकत न घेता एखाद्या मिस्त्रीकडून दोन तासांसाठी मिळाला तरी चालेल.

कागद: गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल (टायमिंगचा आकडा त्यातूनच घ्यायचा), कुंडलीची वही, जीएसटीचं पक्कं बिल, मॉड्यूलसोबतचा कागद. परदेशी पार्सल असेल तर कुरियरला ओळखीचा पुरावा लागतो. महागडा अख्खा डिस्ट्रिब्युटर बसवणार असाल तर विम्याच्या नूतनीकरणाला इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजमध्ये दाखवता येतो का ते एजंटला विचारा. काही हजारांच्या मॉड्यूलसाठी ही उठाठेव नको.

७. बसवणं

गाडी थंड. बॅटरीची अर्थची तार काढा. खरंच काढा.

कॅप काढण्याआधी फोटो घ्या, प्लगच्या वायरींवर १-२-३-४ लिहा. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनी दोन्हींचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. डिस्ट्रिब्युटर स्वतः हलवू नका, त्याचा क्लॅम्प सैलही करू नका, म्हणजे टायमिंग निदान जवळपास राहील.

पॉइंट आणि कंडेन्सर काढा. स्क्रू चिमुकले असतात आणि आत पडायला टपलेले. मी डिस्ट्रिब्युटरच्या आत फडक्याचा तुकडा ठेवून काम करतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला किंचित ग्रीस लावतो. प्लेटवरून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला गेलेली बारीक अर्थची वायर तशीच राहू द्या. ती बरेचदा तुटून नुसती दाखवायला लटकत असते. तुटलेली असेल तर नवी, लवचिक, बारीक तारांची वायर लावा. व्हॅक्यूममुळे प्लेट सतत मागेपुढे होते, कडक वायर तिथे आठवड्यात तुटते. अधूनमधून मिसिंग करणारी मॉड्यूलं मी पाहिली, त्यांतली दोन या एका वायरीमुळे बदनाम झाली होती.

सेन्सर आणि मॅग्नेटच्या कडीत किती अंतर ठेवायचं ते कागदावर असतं. काही कंपन्या प्लास्टिकची पट्टी देतात, बऱ्याच ठिकाणी ०.७५ मिलिमीटरच्या आसपास. शाफ्ट एक पूर्ण फेरा हाताने फिरवून चारही बाजूंना तपासा. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी आलं तर पुन्हा बुशकडे.

मॉड्यूलच्या वायरी कॅपच्या कडेखाली चिमटल्या जात नाहीत ना, आणि प्लेट पूर्ण सरकली तरी ताणल्या जात नाहीत ना, ते पाहा. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत साधारण लाल वायर कॉइलच्या अधिकला, काळी उणेला. पण हा नियम नाही, कागद वाचा. बॅलास्ट असेल तर कॉइलला बॅलास्टमधूनच येऊ द्या, मॉड्यूलची लाल वायर मात्र बॅलास्टच्या अलीकडे, पूर्ण बारा व्होल्टवर जोडा.

वायरिंग व्होल्टेज खात होतं त्यांच्यासाठी रिले. ३० नंबरच्या पिनेला बॅटरीतून फ्यूजमार्गे, ८७ कॉइलकडे, ८६ ला इग्निशन स्विचची जुनी वायर, ८५ बॉडीला. माझ्या गाडीत या तासाभराच्या कामाने कॉइलवर १०.८ चे १२.३ झाले. मला विचाराल तर सगळ्या खर्चात हाच सार्थकी लागला.

प्लगच्या वायरी तांब्याच्या साध्या असतील आणि प्लगही साधे असतील तर ठिणगीचा गोंगाट मॉड्यूलला भोवळ आणतो. कार्बनच्या, रेझिस्टन्सवाल्या वायरी घ्या किंवा रेझिस्टरचे प्लग. एनजीकेच्या नंबरात 'आर' असतो: बीपी६ईएसचा भाऊ बीपीआर६ईएस. मॅन्युअलमधला तुमचा प्लग पाहून त्याचा 'आर' असलेला भाऊ मागा. ज्यांच्या गाडीत आरपीएम मीटर आहे त्यांनी हेही लक्षात ठेवा की जुने, करंट मोजणारे मीटर मॉड्यूलनंतर कधीकधी नाचतात किंवा झोपतात. ती बिघाडाची खूण नाही.

काढलेली जुनी वायर कापू नका. टोकाला स्लीव्ह चढवा आणि बांधून ठेवा.

८. टायमिंग पुन्हा लावायचंच

डिस्ट्रिब्युटर हलवला नाही तरी सेन्सरचा ठिणगी टाकण्याचा क्षण पॉइंटच्या क्षणाशी तंतोतंत जुळत नाही. दिवा लावून उभ्या गाडीत टायमिंग लावायची जुन्या मिस्त्रींची पद्धत इथे नेहमी चालत नाही, टायमिंग लाइटच हवा.

पुलीवरची खूण तारेच्या ब्रशने साफ करून तिच्यावर पांढरं नेलपेंट लावा. इंजिन गरम करा. व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा. लाइटचा क्लिप एक नंबरच्या वायरीला, म्हणजे रेडिएटरकडच्या. आयडलिंग जमेल तितकं कमी. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर कणभर फिरवा, खूण मॅन्युअलच्या आकड्यावर आणा, घट्ट करा, पुन्हा तपासा. मग थोडी रेस द्या, खूण पुढे सरकताना दिसायला हवी. नाही सरकली तर वजनं अडकलीत. हे करताना ओढणी, मफलर, मोबाइलची वायर पंख्यापासून लांब. लाइटखाली फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो.

नंतर कार्बुरेटर सेट करा आणि पीयूसी काढून घ्या. जुन्या पेट्रोल चारचाकींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. टायमिंग आणि मिक्स्चर जाग्यावर असेल तर ॲम्बॅसिडर त्यात आरामात बसते.

९. ड्रायर आणि दिवे घाट

मॉड्यूल थंडीत कधीच मरत नाही, ते लग्नाला जाताना मरतं. म्हणून ते आधी घरीच भाजून पाहायचं.

आयडलिंगवर गाडी ठेवा, एक्स्टेन्शन बोर्ड ओढा आणि डिस्ट्रिब्युटरवर केस वाळवायच्या ड्रायरने पाच-सात मिनिटं गरम हवा मारा. बाहेर डबी असेल तर डबीवर. (ड्रायर बायकोचा असल्यास आधी विचारा. मी विचारलं नव्हतं, तेलाचा वास अजून निघतो.) इंजिनाचा सूर बदलला, मिसिंग आलं, तर ते मॉड्यूल परत करा. टिकलं तर गाडी बंद करा, वीस मिनिटं बॉनेट मिटून ठेवा आणि पुन्हा चालू करा. बंद केल्यावर हवा थांबते आणि बॉनेटखालचं तापमान आणखी चढतं. खरी परीक्षा तीच.

पहिले पंधरा दिवस गावातल्या गावात फिरा. मग एका दुपारी दिवे घाट चढा, मुद्दाम एखाद्या भरलेल्या ट्रकच्या मागे, दुसऱ्या गिअरमध्ये. वर पोचल्यावर गाडी बंद करा, खाली मस्तानी तलाव बघा, पाव तासाने सेल्फ मारा.

बंद पडलीच तर लगेच, गरम असतानाच तपासा, कारण थंड झाली की पुरावा गेला. जादा प्लग कॉइलच्या जाड वायरीला लावा, प्लगची बॉडी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला घट्ट टेकवून तशीच अडकवा आणि हात काढून घेऊन सेल्फ मारा. ठिणगी आली तर दोष पेट्रोलचा. उन्हाळ्यात पंपात किंवा नळीत वाफ अडकते, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी रबरं फुगतात. ठिणगी नसेल तरच इग्निशन. जाड वायर नुसती हवेत धरून ठिणगी बघायची सवय सोडा. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइल आणि मॉड्यूल फोडून बाहेर पडते. मिस्त्रींनाही आधीच सांगून ठेवा, त्यांचा हात सवयीने तिकडेच जातो.

गाडीला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि मॉड्यूल दोन्ही सोडा. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून स्टार्ट करताना तारा दोनदा बघा.

१०. डिकीतली पिशवी

मोजून गॅप लावलेले पॉइंट, प्लेटवर बसवूनच. कंडेन्सर. रोटर. दोन स्क्रू, कारण एक पडणारच. स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज, जादा प्लग, फ्यूज. मॅग्नेटची कडी काढल्याशिवाय तुमच्या प्रकारात पॉइंट बसतात का, हे घरी एकदा करून बघा. मी घड्याळ लावून केलं तेव्हा पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, तिसऱ्यांदा अठरा.

पिशवीत एक जाड पुठ्ठा ठेवा: पॉइंट परत लावताना कोणती वायर कुठे जाते, एवढंच लिहिलेला, मोठ्या अक्षरांत. तुम्ही नसताना गाडी चालवणारा माणूस आणि रस्त्यावरचा मिस्त्री, दोघांना तो वाचता आला पाहिजे. माझ्या पुठ्ठ्यावर सगळ्यात वर आत्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय: "आधी किल्ली बंद कर."